हरलेल्या संघांतील पालवणकर बाळू

जिंकलेल्या संघांचीं नांवें ढालींवर कोरलीं जातात व तसबिरींखालीं लिहिलीं जातात. हरलेल्या संघाची हकीकत लिहून ठेवण्याच्या खटपटींत सहसा कोणी पडत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांतहि हीच रीत आहे. सामना जिंकून आलेलीं मुलें पुणतांबा स्टेशनावर उतरलीं कीं त्यांच्या आरोळ्या गांवापर्यंत ऐकूं येतात. हरून आलेलीं मुलें मागच्या वाटेनें निमूटपणें घरीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं कोणीं विचारलें तर सामना झालाच नव्हता अशा चेहऱ्यानें पाहतात. म्हणून ह्या अंकाकरितां एक चरित्र लिहावयाचें ठरल्यावर आम्हीं मुद्दाम अशा एका गृहस्थांची निवड केली कीं ज्यांचें नांव एका सपशेल हरलेल्या हंगामानें साता समुद्रांपलीकडे नेलें. ते गृहस्थ म्हणजे पालवणकर बाळू.

इंग्लंडांत त्यांस पी. बाळू ह्या नांवानें ओळखीत. ह्या देशांतून पारशी लोकांचे संघ १८८६ व १८८८ सालीं विलायतेस जाऊन आले होते. पण सर्व समाजांतील खेळाडू एकत्र करून क्रिकेटचा पहिला संघ तिकडे गेला तो १९११ सालीं. बाळू हे त्या संघाचे प्रमुख गोलंदाज. संघानें २३ सामने खेळले व त्यांपैकीं १५ गमावले. त्याच हंगामांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे कोणाहि विचारी वाचकास नवल वाटेल. आम्हांसहि वाटलें, व त्यामुळेंच हें चरित्र वाचकांपुढें ठेवावेसें वाटलें.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथें झाला. पालवण हें कोंकणांतील त्यांचें मूळ गांव. आडनांव त्यावरूनच पडलें. घराणें चर्मकार समाजांतील. त्या काळीं ह्या समाजास अस्पृश्य लेखीत असत, हें येथेंच सांगून टाकलेलें बरें, कारण पुढील सर्व हकीकतीचें मर्म त्यांत आहे. वडील फौजेंत नोकरीस असल्यामुळें कुटुंब पुण्यास आलें. गोऱ्या अंमलदारांनीं टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधु खेळावयास शिकले. शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिघेहि बंधु पुढें नामांकित खेळाडू झाले. एका आईच्या पोटीं असे चार खेळाडू निपजल्याचें उदाहरण आपल्या इकडे विरळा.

बाळूंचें शाळेंतील शिक्षण लवकरच संपलें. पुण्यांतील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबांत त्यांस मैदान झाडण्याचें व खेळपट्टीची निगा राखण्याचें काम मिळालें. पगार दरमहा ३ रुपये. पुढें १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या लोकांच्या पूना क्लबांत गेले. तेथें दरमहा ४ रुपये मिळूं लागले. रूळ ओढणें, जाळीं बांधणें, खेळपट्टीवर रेषा आंखणें, हीं त्यांचीं कामें. (आमच्या मैदानावर रूळ ओढण्याची पाळी आली कीं ज्या विद्यार्थ्यांचें पोट दुखूं लागतें, त्यांनीं हा भाग दोनदां वाचावा.) रिकाम्या वेळीं क्लबाच्या सभासदांस सरावाकरितां चेंडू टाकण्याची त्यांस परवानगी मिळाली. ते डाव्या हाताचे मंदगति गोलंदाज होते. चेंडू कोठें टाकावा, किती उंच सोडावा, कोणत्या बाजूस वळवावा, हें त्यांस कोणीं समोर बसवून शिकविलें नाहीं. गोऱ्या खेळाडूंचें पाहून, स्वतः करून, चुकलेलें सुधारून त्यांनीं ही विद्या संपादन केली.

त्या क्लबांत कॅप्टन जे. जी. ग्रेग नांवाचे एक नामांकित फलंदाज होते. (हेच ग्रेग साहेब पुढें सैन्यांतून निवृत्त होऊन रोमन कॅथलिक धर्मगुरु झाले.) इतर सभासद येण्यापूर्वीं तासभर आधीं ते मैदानावर येत व बाळूंची गोलंदाजी खेळत. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या वेळचा देशांतील एक उत्तम गोरा फलंदाज व चार रुपयांचा एक मैदानरक्षक हे दोघे एकमेकांस रोज शिकवीत होते, ह्यांत संशय नाहीं. एक गोष्ट मात्र आमच्या मनास लागून राहते. बाळूंनीं त्या मैदानावर साहेबलोकांस वर्षानुवर्षें चेंडू टाकले. पण त्यांच्या हातांत फळी देऊन त्यांस कोणीं खेळावयास उभें केलें नाहीं. चेंडू टाकणें हें चाकराचें काम व फळी मारणें हा धन्याचा मान, असा तेथील शिरस्ता होता.

बाळूंच्या गोलंदाजीची वार्ता शहरांत पसरली तेव्हां पुण्याच्या हिंदु खेळाडूंपुढें पेंच पडला. गोऱ्यांशीं सामना खेळावयाचा तर गोऱ्यांस रोज बाद करणारा मनुष्य आपल्या बाजूस हवा; आणि तो तर अस्पृश्य! बराच खल झाला. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीस भारी ठरली व बाळूंस संघांत घेण्यांत आलें. पण घेतलें तें केवळ मैदानापुरतें. खेळतांना एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्यास विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली कीं इतर मंडळी आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, व बाळूंस तो बाहेर, एकीकडे, टाकाऊ मातीच्या भांड्यांतून मिळे. त्यांचें ताटहि वेगळें असे. आजच्या मुलांस हें ऐकून चमत्कारिक वाटेल. तसें वाटतें ही समाधानाची गोष्ट आहे. तरी हें घडलें होतें तें त्यांनीं विसरूं नये.

सातारच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्याशीं झालेल्या सामन्यांत बाळूंनीं सात गडी बाद करून पुण्याच्या संघास जय मिळवून दिला. परत आल्यावर पुण्यांत सभा भरली व न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं बाळूंच्या गळ्यांत हार घातला. ज्याच्यासह आपण खेळतों त्याच्या पंक्तीस बसण्यास हरकत कां असावी, असा न्यायमूर्तींच्या बोलण्याचा आशय होता. लोकमान्य टिळकांनींहि बाळूंचा जाहीर गौरव केला. रानडे व टिळक ह्यांचें ज्या थोड्या गोष्टींत एकमत झालें, त्यांत ही एक धरावी.

१८९६-९७ च्या प्लेगाच्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथील हिंदु जिमखान्यानें त्यांस घेतलें. घेतांना पुन्हा पुण्यासारखीच कुरकूर झाली. चरितार्थाकरितां त्यांनीं बी. बी. सी. आय. रेल्वेंत नोकरी धरली व त्या कंपनीच्या संघाकडूनहि ते खेळूं लागले. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदु व युरोपियन ह्यांचा मुंबईस सामना झाला. हिंदूंनीं दोन डावांत २४२ व १६० धांवा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. १०९ धांवांनीं हिंदु जिंकले. दुसऱ्या डावांत युरोपियनांची जी वाताहत झाली ती मुख्यतः बाळूंच्या गोलंदाजीनें. वंगभंगाची चळवळ तेव्हां ऐन भरांत होती. त्यामुळें क्रिकेटचा चेंडू ज्यांनीं कधीं हातांत धरला नव्हता त्यांनींहि ह्या विजयानें पेढे वांटले असतील तर नवल नाहीं. आमच्या मतें त्या विजयांतील खरी गोष्ट निराळीच होती. हिंदूंच्या ह्या संघांत सर्व जातींचे खेळाडू खांद्यास खांदा लावून उभे होते, आणि ज्यास पंक्तीबाहेर बसविलें होतें त्यानेंच तो सामना काढला होता. कांहीं वृत्तपत्रांच्याहि हें ध्यानांत आलें.

आतां १९११ च्या हंगामाकडे वळूं.

असा संघ पाठविण्याचा त्यापूर्वींचा एक प्रयत्न कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यावयाचे ह्या वादांत बुडाला होता. ह्या खेपेस तो साधला. पारशी सर्वांत अधिक, त्यांच्या खालोखाल हिंदु, मग मुसलमान, आणि कप्तान पतियाळाचे शीख महाराज भूपिंदरसिंग, असा तो संघ होता. हिंदूंत बाळू व त्यांचे बंधु शिवराम, असे दोन पालवणकर होते. महाराजांचें वय तेव्हां अवघें १९ वर्षांचें. चांगदेवांच्या समाधीच्या गांवीं राहणाऱ्या वाचकांस, वयानें लहान असणें हा पुढारीपणास दोष आहे असें आम्ही सांगूं लागलों तर ते हंसतील. एवढ्या थोर योग्यानें धाकट्या मुक्ताबाईस गुरु केलें ही कथा येथें घरोघर ठाऊक आहे. पण मुक्ताबाई शिष्यास वाऱ्यावर सोडून गेली नाहीं. भूपिंदरसिंग मोजकेच सामने खेळले. त्या जूनमध्यें पांचव्या जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण-समारंभ लंडनांत होता, व महाराजांचें लक्ष मैदानापेक्षां दरबाराकडे अधिक होतें. त्यांच्याबरोबर कर्नल के. एम. मिस्त्री हेहि गेले. हे मिस्त्री संघांतील अत्यंत कसबी फलंदाजांपैकीं एक, आणि महाराजांचे चिटणीसहि. म्हणजे कप्तान गेला तो एक चांगली फळी घेऊन गेला.

संघ हरला त्याचीं हीं एवढींच कारणें नव्हेत. हे खेळाडू मायदेशीं एकमेकांविरुद्ध खेळणारे. एकमेकांसह खेळण्याची त्यांस संवय नव्हती. पारशी गोलंदाजाचा झेल हिंदूनें घ्यावा, हिंदु फलंदाजानें मुसलमान साथीदाराच्या हांकेवर विश्वासून धांवावें, हें एका बोटीच्या प्रवासांत साधत नाहीं. शिवाय तिकडील काउंटी संघांत क्रिकेटवरच पोट भरणारे धंदेवाईक खेळाडू असत. ते उन्हाळाभर आठवड्याचे सहा दिवस खेळत. आपले खेळाडू कोणी कचेरींत, कोणी रेल्वेंत, कोणी दवाखान्यांत काम करणारे. सुटीच्या दिवशीं खेळावें व उरलेले दिवस नोकरी करावी असा त्यांचा क्रम. त्यांस एकदम जून ते ऑगस्ट अशा तीन महिन्यांत २३ सामने खेळावे लागले. आज एके ठिकाणीं, उद्यां दुसरीकडे, परवां आणखी कोठें; रात्रीं आगगाडींत झोपावें व सकाळीं मैदानावर उभें राहावें. परका देश, परकें अन्न. इतकें असून कोणी म्हणेल कीं ते आळशी होते म्हणून हरले, तर तें आम्हांस मान्य नाहीं. ते हरले कारण समोरचे लोक त्यांच्याहून चांगले होते, व संघ म्हणून आपले लोक अद्याप तयार झाले नव्हते.

जून महिना वाईट गेला. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांपासून जी हार सुरू झाली ती थांबेना. लॉर्ड्‌सवर एम. सी. सी. शीं सामना झाला तेव्हां संघ एका डावानें हरला. त्याहि सामन्यांत बाळूंनीं ९६ धांवांत ४ गडी घेतले. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांविरुद्ध तर १०३ धांवांत ८! एका डावांत दहांपैकीं आठ गडी एकट्यानें बाद केल्यावर तरी सामना जिंकावा कीं नाहीं? तोहि जिंकतां आला नाहीं. ज्यांनीं कधीं गोलंदाजी केली आहे त्यांस ह्या प्रसंगाची कटुता समजेल. गोलंदाजानें आपलें काम करावें, तंबूंत जाऊन बसावें, आणि मग आपल्याच फलंदाजांस एकामागून एक परत येतांना पाहावें.

बाळूंच्या गोलंदाजीविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे. ते चेंडू हळू टाकीत. जोरानें चेंडू टाकणारा गोलंदाज फलंदाजास भीति घालतो. हळू टाकणारा त्यास मोह घालतो. चेंडू हवेंत उंच तरंगत येतो, आतां हा मैदानाबाहेर फेंकून द्यावा असें वाटतें, फलंदाज पुढें सरतो, आणि चेंडू अपेक्षेच्या आधींच जमिनीस टेंकून भलत्या बाजूस वळतो. डाव्या हातानें टाकलेला असा चेंडू उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजापासून बहुधा दूर जातो. बाळू तो कधीं आंतहि आणीत, व कोणता चेंडू कोणत्या बाजूस वळणार हें त्यांच्या हातावरून ओळखणें कठीण असे. ह्या तऱ्हेची गोलंदाजी करणाऱ्यास सोशीक असावें लागतें. दोन चेंडू फटकावले गेले तरी तिसरा तसाच उंच टाकण्याची छाती लागते. पाऊस पडून मऊ झालेल्या खेळपट्टीवर अशा गोलंदाजाचें फावतें; पण १९११ चा उन्हाळा इंग्लंडांत विलक्षण कोरडा व कडक होता, तेव्हां तोहि लाभ नाहीं. पारशी गोलंदाज वॉर्डन व मुसलमान गोलंदाज सलामुद्दीन ह्यांची साथ होती. तरी मुख्य भार बाळूंवरच पडला. त्यांचें वय तेव्हां ३५ च्या घरांत. खांदा दुखत असतांहि ते गोलंदाजी करीत राहिले.

जुलैमध्यें संघाचें नशीब थोडें उघडलें. लिस्टरशायरशीं झालेल्या सामन्यांत डॉ. होरमसजी कांगा ह्यांनीं १६३ धांवा काढल्या व बाळूंनीं दोन डावांत मिळून ११ गडी बाद केले. पहिल्या प्रतीच्या सामन्यांतील संघाचा हा पहिला विजय. (मुंबईस पावसाळ्यांत जी कांगा लीग खेळतात ती ह्याच डॉक्टरांच्या नांवानें.) त्यानंतर सॉमरसेटशीं टाँटन येथें झालेला सामना तर शेवटच्या क्षणापर्यंत कोणाचा हें कळेना. शिवराम पालवणकर ह्यांनीं नाबाद ११३ धांवा केल्या व शेवटचा गडी खेळत असतां संघानें सामना जिंकला. एका विजयांत थोरला भाऊ पुढें, दुसऱ्यांत धाकटा. पहिल्या प्रतीचे एकंदर १४ सामने झाले. त्यांत हे दोनच विजय, १० पराभव, व दोन सामने अनिर्णित. लहानसहान संघांवरचे चार विजय मिळवून २३ पैकीं एकंदर ६ जिंकले.

त्या १४ सामन्यांत बाळूंचे बळी ७५, दर बळीमागें सुमारें २० धांवा. आणि सर्व २३ सामने धरले तर ११४ बळी, दर बळीमागें १९ धांवांहूनहि कमी. तिकडील धंदेवाईक गोलंदाजांत ज्यांस पहिल्या रांगेंत बसवीत त्यांच्या शेजारीं हे आंकडे शोभून दिसतात. काउंटी संघांनीं त्यांस नोकरीवर ठेवून घेण्याची इच्छा दर्शविली होती असें सांगतात. बाळू परत आले.

ह्या ठिकाणीं आम्हांस एक विचार सुचतो तो पालकांपुढें ठेवितों. आपला मुलगा ज्या वर्गांत, ज्या संघांत, ज्या मंडळींत आहे ती मंडळी मागें पडली कीं मुलास तेथून काढावें, असा सल्ला हल्लीं फार ऐकूं येतो. बाळूंस तशी सोय नव्हती. बाराव्या पराभवाच्या दिवशींहि समोर २२ यार्डांची तीच खेळपट्टी होती व हातांत तोच चेंडू. तो त्या दिवशीं पहिल्या दिवसाइतकाच नेमका टाकावयाचा कीं नाहीं, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. जय-पराजयाच्या रकान्यांत संघाच्या नांवापुढें काय लिहिलें जाईल हें एकट्या गोलंदाजाच्या हातीं नसतें.

मुंबईस परतल्यावर दलित समाजानें बाळूंचा मोठा सत्कार केला. भीमराव आंबेडकर हे त्या वेळीं एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत होते. बाळूंविषयीं त्यांस फार अभिमान वाटे. ज्या काळीं दलित मुलांस आदर्श म्हणून दाखवावयास आपल्यांतलें माणूस सहज सांपडत नसे, त्या काळीं हें एक नांव घरोघर पोहोंचलें होतें.

पण हिंदूंच्या संघाचें कप्तानपद त्यांस मिळालें नाहीं. १९१२ पासून मुंबईचे सामने चौरंगी झाले. हिंदु, पारशी, मुसलमान व युरोपियन असे चार संघ दरसाल झुंजत. वयानें, अनुभवानें व कामगिरीनें बाळूंचा हक्क पहिला होता. १९१३ सालीं कप्तानपद एम. डी. पै ह्यांस मिळालें. ते गौड सारस्वत ब्राह्मण, सज्जन गृहस्थ, इंग्लंडच्या दौऱ्यांतील बाळूंचे सोबती. हा मान खरें पाहतां माझ्या मित्राचा आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं स्वतःच्या सत्कारसमारंभांत काढले. पै ह्यांच्या ह्या मोकळेपणाबद्दल आम्हांस आदर वाटतो. पण निवड करणाऱ्या मंडळींच्या मनास पाझर फुटला नाहीं.

१९२० सालीं प्रकरण चिघळलें. बाळूंस संघांतून वगळलें, व कप्तानपदाच्या बाबतींत पालवणकर बंधूंच्या जातीकडे बोट दाखविण्यांत आलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल ह्या दोघां बंधूंनीं संघांतून आपलीं नांवें काढून घेतलीं व आपलें म्हणणें जाहीरपणें प्रसिद्ध केलें. मोठा गवगवा झाला. लोकमत बंधूंच्या बाजूचें होतें. अखेर तडजोड होऊन भाऊ परत आले व बाळूंस उपकप्तान नेमण्यांत आलें. पै मैदानाबाहेर गेले असतां कांहीं वेळ बाळूंनीं संघाचें पुढारीपण केलें. तेवढेंच. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले व त्यांच्या संघानें युरोपियनांचा पराभव केला. तेव्हां ब्राह्मणादि सवंगड्यांनीं विठ्ठलांस खांद्यावर उचलून मिरविलें. विठ्ठलांनीं ह्या सर्व आठवणी पुढें ‘माझें क्रीडाजीवन’ ह्या मराठी पुस्तकांत लिहिल्या. तें पुस्तक कोठें मिळाल्यास वाचकांनीं अवश्य वाचावें. शिवरामांविषयीं, गणपतांविषयीं व थोरल्या बंधूंविषयीं इतक्या जवळून दुसऱ्या कोणीं लिहिलें नाहीं.

बाळूंच्या उत्तरायुष्याविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तें राजकारणांत गेलें व त्यांत त्यांस मैदानावरचें यश लाभलें नाहीं. ते गांधीजींच्या मार्गानें जाणारे होते. १९३२ सालीं पुण्यास गांधीजी उपोषणास बसले असतां जो करार झाला, त्याच्याकरितां डॉ. आंबेडकरांचें मन वळविण्याच्या खटपटींत बाळू होते, व करारावर त्यांची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघांविषयीं, व पुढें धर्मांतराविषयीं, त्यांचें डॉ. आंबेडकरांशीं पटलें नाहीं. १९३७ सालीं मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकींत काँग्रेसनें बाळूंस डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. ज्यास एके काळीं सर्व दलित समाजानें डोक्यावर घेतलें, त्यास त्याच समाजाच्या थोर पुढाऱ्यासमोर उभें करण्यांत काँग्रेसनें हिशेब पाहिला, मनुष्य पाहिला नाहीं, असें आम्हांस वाटतें. कोणाचें मत बरोबर होतें ह्याचा निवाडा काळानें बहुतांशीं डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें दिला आहे. तरी बाळूंच्या हेतूंविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

पहिल्या प्रतीच्या ३३ सामन्यांत बाळूंनीं १७९ गडी बाद केले, दर बळीमागें अवघ्या १५ धांवा देऊन. देशास अधिकृत कसोटी सामन्याचा मान मिळाला तो १९३२ सालीं, लॉर्ड्‌सच्याच मैदानावर, सी. के. नायडू ह्यांच्या कप्तानपदाखालीं. तेव्हां बाळूंचा खेळ थांबून बरींच वर्षें झालीं होतीं. ता. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला.